एक रुपयाच्या चलानात ९२,४९९ रुपये गेले

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसायचं ते हसून घ्या. "फोनमध्ये कायतरी घुसलंय" म्हणत गिऱ्हाईक येतं, मी त्याला दोन शब्द सुनावतो, फोन रिसेट करून देतो. त्याच मी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल) माझ्या हातानं माझ्याच फोनमध्ये टाकली.

आकडे असे. मंगळवारी संध्याकाळी ७:५२ ला ४,९९९. बुधवारी रात्री ११:३८ ला ४९,००० आणि ११:४१ ला ३८,५००. खात्यात उरले २१२. गुरुवारी सकाळी होलसेलवाल्याला डिस्प्लेचे ३,२०० पाठवायला गेलो, 'पुरेशी शिल्लक नाही' आलं, तेव्हा कळलं.

पहिला हप्ता ४,९९९ चाच का? नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिल्या २४ तासांत ५,००० च्या वर पैसे जात नाहीत. चोराला हे पाठ असतं. एवढे काढून तो गप्प बसला, मुदत संपल्यावर उरलेलं साफ केलं. मधल्या अठ्ठावीस तासांत मी एकदा जरी बॅलन्स बघितला असता तरी ८७,५०० वाचले असते. बघितला नाही, कारण बँकेचा मेसेजच आला नव्हता. तो येत होता, मला दिसत नव्हता.

चलानचा मेसेज ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून, गावाच्या ग्रुपवर नाही तर थेट मला आला. (त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेला होता. त्याच्या फोनबुकातल्या सगळ्यांना गेला असणार.) गाडीचा नंबर बरोबर, दंड विनाहेल्मेट ५०० रुपये, आणि मी खरंच बिनहेल्मेट फिरतो. कुणीही फसलं असतं असं मी आठवडाभर घरी म्हणत होतो. पण गाडीचा नंबर गाडीच्या मागेच लिहिलेला असतो, त्यात कसलं गुपित?

फाईल होती ६ एमबीच्या आसपास. चलानची पावती काहीशे केबीच्या वर जात नाही. फाईल दाबल्यावर फोननं 'या सोर्सवरून इन्स्टॉल करायला परवानगी नाही' सांगितलं, मी सेटिंग्जमध्ये जाऊन बटण चालू केलं. प्ले प्रोटेक्टनं, म्हणजे अ‍ॅप तपासणाऱ्या गुगलच्या पहारेकऱ्यानं, लाल खूण दाखवली, मी 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. दुकानात गर्दी होती, एका हातात हीटगन होती, हे सगळं खरं. पण त्यानंतर जे आलं त्याला माफी नाही: अ‍ॅपनं विचारलं, मला तुमचं मेसेजचं मुख्य अ‍ॅप करा. चलान दाखवणाऱ्या अ‍ॅपला मेसेज कशाला लागतात? रोज गिऱ्हाइकाला हाच प्रश्न विचारतो मी. 'होय' दाबलं.

पुढं फॉर्म. "पडताळणीसाठी १ रुपया भरा." डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत, यूपीआय पिन. तो एक रुपया कधी कापलाच गेला नाही. यूपीआय सुरू करताना तुमच्या सिममधून एक मेसेज आपोआप जातो. तो त्या अ‍ॅपनं माझ्या सिममधून पाठवला, माझा नंबर चोराच्या फोनवर नोंदला गेला. ओटीपी आले ते तिकडे वळवले आणि इकडे दडवले. पाठवलेल्या मेसेजमध्ये अगम्य अक्षरांची एक लांबलचक ओळ दिसली, आणि तुम्ही यूपीआय नव्यानं चालू केलेलं नसेल, तर तेव्हाच फोन एअरप्लेन मोडवर टाका. नेट बंद, मग बाकीचं.

अशा अ‍ॅपचा आयकॉन शोधू नका, तो लपतो. सेटिंग्जमधली अ‍ॅप्सची पूर्ण यादी बघा. अनइन्स्टॉलचं बटण दाबलं जात नसेल तर आधी डिव्हाइस अ‍ॅडमिनमधून काढा, तेही होत नसेल तर सेफ मोड. शेवटी फॅक्टरी रिसेट, पण घाई नको: एपीके फाईल आणि व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट आधी दुसरीकडे ठेवा. मी रागात सगळं पुसलं आणि नंतर पोलिसांनी पहिली तीच फाईल मागितली.

सायबर फसवणुकीची हेल्पलाईन १९३० लावली. बँकेचं नाव, खाते क्रमांक, यूटीआर म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा. पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची लिंक मेसेजनं येते. ती त्याच फोनवर आली, म्हणजे मला दिसलीच नाही! सिम काढून बटणांच्या साध्या फोनमध्ये घातलं, परत १९३० लावला, तेव्हा मिळाली. यात दीड तास गेला. पैसा दीड तासात चार खाती फिरतो.

गावच्या ठाण्यात सांगितलं, सायबरचं जिल्ह्याला. बाहत्तर किलोमीटर. जिल्ह्याला म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. लहान? माझी दोन महिन्यांची कमाई आहे ती. तिसऱ्या फेरीला, पोर्टलवर तक्रार आहे म्हणजे झालंच की, असं ऐकवलं. पोर्टलची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, आणि हद्दीचं कारण सांगत असतील तर झिरो एफआयआर मागा, तो हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तोंडावर म्हणून दाखवा, सूर बदलतो. थोडा.

बँकेचा तर वेगळाच थाट. "ओटीपी तुमच्याच मोबाईलवर गेलाय." गेला हो, पण वाचला कुणी? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकलीय. साहेबांनी ते ऐकलंच नव्हतं, किंवा तसं दाखवलं. हेही खरं की पिन स्वतः दिला तर कळवण्याआधीचं नुकसान आपल्याच माथी मारतात. कळवल्यानंतर एक रुपया गेला तरी तो बँकेचा. म्हणून अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्याच. काउंटरवरच्या बाईंनी शिक्का द्यायला दोन दिवस लावले, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेलोय.

खरं चलान बघायचं तर परिवहन डॉट गव्ह डॉट इन वर स्वतः टाईप करून जा, गाडीचा नंबर टाका. मी नंतर बघितलं. माझ्या गाडीवर एकही चलान नव्हतं.

सध्या ११,३६० रुपये कुठल्यातरी परक्या खात्यात होल्डवर आहेत. सोडवायला कोर्टात अर्ज लागेल असं मला सांगितलं, वकील पाच हजार मागतोय. आणि काल एकाचा फोन आला होता, "तुमचे सगळे पैसे परत मिळवून देतो, फक्त १,५०० फाईल चार्ज."