बदकांना ब्रुअरीचा चोथा: आठ महिने वापरून झाल्यावर

आठ महिने झाले म्हणून लिहितोय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं आणि दुसऱ्या महिन्यात नुसत्या शिव्या. बदकं १४, त्यातल्या ११ माद्या, अंड्यांसाठी पाळलेली. ओळखीचा एक माणूस छोट्या ब्रुअरीत कामाला आहे, तो म्हणाला चोथा फुकट ने, आम्हाला तो टाकायचाच त्रास आहे. फुकट म्हटल्यावर माझं डोकं चालायचं बंद झालं आणि पहिल्याच खेपेला २० लिटरच्या तीन बादल्या गच्च भरून आणल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माल्ट केलेली (मोड आणून वाळवलेली) बार्ली दळून गरम पाण्यात भिजवतात, गोड पाणी बिअरसाठी काढून घेतात आणि मागे जो ओला भरडा राहतो तो हा चोथा. म्हणजे साखर आणि स्टार्च बहुतेक निघून गेलेलं असतं, उरतं ते प्रोटीन, थोडं फॅट आणि भरपूर फोलपटं. हे नीट समजून घेतलं असतं तर पुढचा घोळ झालाच नसता.

बदकांना आवडतो का, तर वेड्यासारखा. त्यांना तसंही ओलं खाद्य पाण्याबरोबर गाळून खायला आवडतं, घमेल्यात चोच घालून असा काही आवाज करतात की लांबून कळतं. पहिले दोन आठवडे आम्ही रोज बघत उभे राहायचो.

आता घोळ. वाचलं होतं की चोथ्यात प्रोटीन २० ते २५ टक्के असतं, आणि माझ्या लेयर फीडच्या (अंडी देणाऱ्या पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या) पोत्यावर लिहिलेलं १७. मग मी हिशोब केला की हे तर जास्तच भारी आहे, आणि अर्धं फीड बंद करून तिथे चोथा सुरू केला. दोन गोष्टी निसटल्या. एक म्हणजे ते २०-२५ टक्के कोरड्या वजनावर असतात आणि ओल्या चोथ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे १० किलो उचलून आणलं तर खाद्य जेमतेम सव्वादोन किलो, बाकी पाणी वाहून कंबर दुखवून घेतली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, प्रोटीनचा आकडा मोठा असला तरी त्यात लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी असतं, ताकद कमी असते, फायबर खूप असतं आणि कॅल्शियम नावापुरतं. बदकांचं पोट भरतं पण अंडं घालायला लागणारं सामान आत जात नाही. तीन आठवड्यांत रोजची आठ-नऊ अंडी पाचवर आली, आणि जी येत होती त्यातली काही इतक्या पातळ कवचाची की उचलताना बोट आत जायचं. बदकं मात्र मजेत, तब्येतीची काही तक्रार नाही, म्हणून कारण माझ्या लक्षातच लवकर आलं नाही, मी आपला उन्हाला दोष देत बसलो.

मग परत सगळं लेयर फीड सुरू केलं, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला (तो आधी पण होता पण रिकामा, ही माझीच चूक), आणि महिनाभरात गाडी रुळावर आली. त्यानंतर चोथा परत सुरू केला पण कोरड्या हिशोबाने एकूण खाद्याच्या १०-१५ टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही. माझ्या १४ बदकांना दिवसाला सव्वादोन किलोच्या आसपास खाद्य लागतं, म्हणजे चोथ्याचा वाटा कोरडा ३०० ग्रॅम, ओला धरला तर साधारण १३००-१४०० ग्रॅम. एवढंच! आणि मी ६० किलो घेऊन आलो होतो, म्हणजे दीड महिन्याचा माल, जो उन्हाळ्यात दोन दिवस पण टिकत नाही.

टिकण्याचा विषय सगळ्यात मोठा. गरमीत दुसऱ्या दिवशी आंबूस वास, तिसऱ्या दिवशी वर पांढरं, मग हिरवं. वरचा थर काढून खालचं घालू असा मोह होतो, तो टाळा. बुरशीचं विष नुसतं वरच नसतं आणि बदकं त्या बाबतीत कोंबड्यांपेक्षा खूपच नाजूक असतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने लाखभर टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लंही मेली, आणि त्यावरूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. हे वाचल्यावर मी ४० किलो माल सरळ कंपोस्टला टाकला. माश्या आणि वास यांचं वर्णन करत नाही.

टिकवण्याचे तीन प्रकार करून बघितले. उन्हात ताडपत्रीवर पसरून वाळवणं: कडक ऊन आणि पातळ थर असेल तरच, नाहीतर वाळायच्या आधीच आंबतं, आणि वाळलेला चोथा कोरडाच घातला तर बदकं प्रत्येक घासाला पाण्याकडे पळतात, भिजवूनच द्यावा लागतो, मग वाळवला कशाला. मुरघासासारखं दाबून ठेवणं: घट्ट झाकणाच्या लहान डब्यात मुठीने दाबून हवा काढायची, साखर आधीच निघून गेलेली असते म्हणून थोडं मोलॅसिस, वर प्लास्टिक आणि वजन, तीन आठवडे हात लावायचा नाही. हे छान जमलं, आंबट पण स्वच्छ वास येतो. डबे मात्र लहानच घ्या, एकदा उघडला की दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो, माझा पहिला मोठा पिंपाचा प्रयोग त्याच कारणाने वाया गेला. तिसरा प्रकार फ्रीजर, दिवसाच्या मापाच्या चपट्या पिशव्या. सगळ्यात कमी डोकेदुखी.

आणखी एक, घातलेलं तासाभरात उरलं तर उचला. बदकं अर्धं खातात आणि अर्धं पाण्याच्या भांड्याभोवती चिखलात कालवतात. तो चिखल सडला की बॉट्युलिझमची (जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजाराची) भीती, त्यात बदकाची मान लुळी पडते. मी आता घमेलं रोज जागा बदलून ठेवतो.

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, चोथ्यात मिसळू नका असं आधीच सांगून ठेवा. चोथा हॉप्स घालायच्या आधीच निघतो त्यामुळे तो स्वच्छ असतो, पण एकदा मला उकळीनंतरचा हिरवट गाळ त्याच बादलीत मिळाला. बदकांनी कडू म्हणून तोंड फिरवलं, खरा धोका कुत्र्याला होता, कुत्र्यांनी हॉप्स खाल्ले तर ताप इतका चढतो की जीव जाऊ शकतो. आमचा बादलीत नाक घालून उभा होता, ओरडलो आणि बादली ओढली. तेव्हापासून मी बादली घेतानाच हात घालून बघतो.

आता ज्याचा खरंच फायदा झाला ते, आणि ते चोथ्यातलं नाहीच, टाकीच्या तळाचं यीस्ट. बदकांच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नियासिन (एक बी जीवनसत्त्व) बरंच जास्त लागतं, कमी पडलं की पाय वाकतात, पिल्लू बसून राहतं. मागच्या वेळी कोंबड्यांचं स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) घालून माझी दोन पिल्लं अशीच अधू झाली होती. या वेळी स्टार्टरमध्ये यीस्ट घातलं आणि नऊच्या नऊ पिल्लं सरळ पायांवर पळतायत. पण कच्चं घालू नका हं, जिवंत यीस्ट पोटात जाऊन आंबत राहतं. मी पातळ गाळ दहा मिनिटं चांगला उकळवतो, त्याने यीस्ट मरतं आणि थोडी दारूही उडते, मग गार करून मोठ्यांना दोन डाव आणि पिल्लांना चमचाभर, फीडमध्ये कालवून. हॉप्सचा कडवटपणा जास्त असेल तर खात नाहीत, ती खेप सोडून द्यायची.

पैसे वाचले का, तर फीडचं पोतं आधीपेक्षा थोडं जास्त दिवस जातं, बस. गाडीच्या खेपा आणि माझा वेळ धरला तर नुसत्या चोथ्यासाठी मी हे परत केलं नसतं. ब्रुअरी माझ्या नेहमीच्या रस्त्यावर आहे म्हणून चालू आहे. आता पंधरा दिवसांनी एकच बादली आणि एक लिटर यीस्ट आणतो, तो माणूस अजून प्रत्येक वेळी विचारतो, एवढंच? सध्या फ्रीजरमध्ये अकरा पिशव्या आहेत आणि बाकी कशालाच जागा नाही, त्यावरून घरात जे चालू आहे ते वेगळंच.