जपानीचे चौदा महिने: स्ट्रीक, कार्डं, परीक्षा आणि ‘हाई’ म्हणायची खोड

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे हा अनुभव आपल्या कामाचा आहे की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. वय ४४. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि प्लग गेज या मापायच्या साधनांत वीस वर्षं गेली. मागच्या वर्षी एक जपानी गिऱ्हाईक आलं आणि मी जूनमध्ये भाषा शिकायला घेतली. तोवर माझं जपानी म्हणजे भिंतीवरचा फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच जपानी नियमांचा बोर्ड: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. सेइसो म्हणजे स्वच्छता, आणि त्याच बोर्डावर बोटभर धूळ.

वापरलेल्या गोष्टी तीन: मोबाइलवरचं एक लोकप्रिय ॲप (वर्षाचे पैसे भरून), आंकी नावाचं कार्डांचं ॲप, आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन क्लास. रोज सरासरी चाळीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ देतो असं जो संसारी माणूस सांगतो, त्याच्या घरी एकदा विचारून बघा.

ॲपचं नाव घेत नाही, कारण तक्रार त्या एकाचीच नाही. पहिले तीन महिने मी अगदी खूश होतो. हिरागाना-काताकाना या दोन जपानी लिप्या तिथंच बसल्या, त्याबद्दल तक्रार नाही. रोजची हजेरी, दिवसांची साखळी, वर चढत जाणारी लेव्हल. गणपतीत आरतीची ताटं सजत होती आणि मी कोपऱ्यात स्ट्रीक वाचवत बसलेलो. मिसेस म्हणाल्या, “अहो, देव तरी हजेरी मांडत नाही.”

सप्टेंबरात गिऱ्हाइकाचा इंजिनिअर कारखान्यात आला तेव्हा माझी साखळी ९७ दिवसांची होती. दुभाषी मालकांबरोबर ऑफिसात, आणि इन्स्पेक्शन टेबलाशी आम्ही दोघंच. त्यानं एक कास्टिंग उचललं, उजेडाकडं धरलं, अंगठ्यानं कडेवरून हळू फिरवलं आणि म्हणाला, “कोको, बारी गा आरिमासु ने.” कोको म्हणजे इथं, आरिमासु म्हणजे आहे, एवढं ॲपनं शिकवलं होतं. बारी काय ते कुणीच शिकवलं नव्हतं. बारी म्हणजे बर, कडेला राहिलेली धार. अंगठा बघून अंदाज आला आणि मी ठसक्यात म्हटलं, “हाई.” म्हणजे हो. तो पुढं बोलत राहिला, मी हाई, हाई करत राहिलो. जपानीत हे हाई बऱ्याचदा आपल्या ‘हं’सारखं असतं, म्हणजे ऐकतोय, बोला. त्यामुळं तो आणखीच खुलला. दोन-तीन मिनिटांनी तो थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला. प्रश्न विचारला होता. मी पुन्हा हाई म्हटलं. त्याचा चेहरा बघून कळलं की उत्तर ‘हो’ असं नव्हतं.

त्या रात्री ॲपनं ९८ दिवसांबद्दल अभिनंदन केलं.

आमच्या धंद्यात मोजमापावर भरवसा ठेवायचा तर आधी मोजायचं साधन तपासतात. साखळी काय मोजते? मी रोज आलो का, एवढंच. हजेरीपटावर शंभर टक्के असलेला कामगार चांगला टर्नर असतोच असं नाही. लेव्हलचंही तसंच. चार पर्यायांतून शब्द ओळखणं वेगळं, आणि समोर माणूस उभा असताना तो तोंडातून काढणं वेगळं.

मग १ ऑक्टोबरपासून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. दर महिन्याच्या एक तारखेला, रंकाळ्यावर फिरायला गेलो की एका बाकावर बसून, तेच पाच प्रश्न: कुठं राहता, काम काय, काल काय केलं, काय आवडतं, उद्या काय करणार. तयारी न करता तीन मिनिटं. घरी येऊन ऐकायचं आणि दोनच गोष्टी वहीत लिहायच्या: किती सेकंद गप्प होतो, आणि किती वेळा हिंदी किंवा इंग्रजीत घसरलो. पहिल्या वेळी तीन मिनिटांतली ११० सेकंद शांतता. मागं भेळवाल्याची घंटा स्पष्ट ऐकू येते, माझा आवाज मात्र अधूनमधून. डिसेंबरात ७० वर आलो.

जानेवारी ते मार्च आकडा हलला नाही, उलट वाढला. ॲपवरची लेव्हल त्याच काळात दोनदा चढली. वैताग आला होता. सेन्सेइंना (क्लासच्या बाई, पुण्याच्या) तिन्ही रेकॉर्डिंगं पाठवली. त्यांनी ऐकून विचारलं, “वाक्यं मोजलीत का?” मोजलीच नव्हती. आधी मी चार शब्दांची सुटी वाक्यं टाकत होतो, आता ‘पाऊस होता म्हणून गेलो नाही’ असली जोडवाक्यं करायला जात होतो आणि मध्येच अडकत होतो. म्हणजे माप बरोबर, मी वाचत होतो चुकीचं. तेव्हापासून वहीत तिसरा रकाना: सर्वांत लांब वाक्य. आता ऑगस्टचं रेकॉर्डिंग ३८ सेकंदांच्या शांततेवर आहे.

ऐकण्यासाठी आधी एकच जुनी बातमी दर महिन्याला लावायचो. एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या असतात, त्यातली. चौथ्या वेळी ती पाठच झाली होती. म्हणजे गेजच झिजलं. आता दर वेळी नवी बातमी, पहिल्या ऐकण्यात कळलं ते मराठीत लिहायचं, मग मजकुराशी ताडायचं.

परीक्षेबद्दल सगळे विचारतात. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ ही सर्वांत खालची पायरी, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात दिली. हॉलमध्ये सगळी कॉलेजची पोरं, एकानं मला पर्यवेक्षक समजून टॉयलेट कुठं ते विचारलं. १८० पैकी ८० लागतात, शिवाय भाषा-वाचनात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ हवेतच. मला १०९. आनंद झाला, पेढे वाटले. पण सगळी परीक्षा पर्यायी उत्तरांची, तीत तोंडातून एक शब्द काढावा लागत नाही. हे गो-नोगो गेज आहे. गो बाजू आत गेली आणि नोगो अडली की जॉब ओके, बोअर (भोक) नक्की किती मायक्रॉनवर आहे ते गेज सांगत नाही. बायोडाटासाठी उत्तम. टेबलाशी उभं राहायला मात्र दुसरं माप लागतं.

आंकी फुकट आहे (आयफोनवाल्यांना पैसे पडतात) आणि नावच जपानी: आंकी म्हणजे पाठांतर. विसरायच्या बेतात असलेला शब्द बरोबर त्या दिवशी पुढं येतो, ही त्यातली युक्ती. माझी चूक अशी की दोन हजार शब्दांचा तयार गठ्ठा उतरवला. दिवाळीत आठ दिवस हात लावला नाही, आणि ६४० कार्डं थकली. व्याजासकट. शेवटी सगळा गठ्ठा उडवला आणि स्वतःची कार्डं केली, कारखान्यातली: झुमेन म्हणजे ड्रॉइंग, सुन्पो म्हणजे माप, किझु म्हणजे ओरखडा, केन्सा म्हणजे तपासणी. रोज आठच नवी. हे चाललं आणि अजून चालतंय.

आता मराठी माणसाला खास सांगायचं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेनं जपानीला २२०० तास धरलेत. माझ्या चाळीस मिनिटांनी नऊ वर्षं! पण ते इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी. त्यांना जे उलटं वाटतं ते आपल्याला सरळच असतं. ‘कोल्हापूर नि सुन्दे इमासु’ म्हणजे ‘कोल्हापुरात राहतो’, क्रम तोच. कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत, दोन्ही शब्दामागूनच येतात. प्रश्नाच्या शेवटी ‘का’ लागतो, तिकडंही ‘का’च. आणि ‘ताबेते मिते’ म्हणजे ‘खाऊन बघ’, शब्दाला शब्द. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बसमध्ये एकटाच हसलो. ‘त्सु’चा उच्चार तर चमच्यातल्या च-ला लगटूनच आहे. क्लासमधली आमची हिंदी भाषक मंडळी तिथंच अडखळायची.

अडचण दुसरीकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना सोडून देतो. जपानीत ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाऽसान म्हणजे आजी. सेन्सेइंच्या मावशीला मी दोनदा आजी करून ठेवलं. मोजायचे शब्दही छळतात: कागद माई, यंत्रं दाई, लांबट दांडके इप्पोन, निहोन, सानबोन. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, हा विषय मी इथं काढतच नाही, रक्तदाब वाढतो.

ॲपचं वर्ष संपलं, पैसे पुन्हा भरले नाहीत. क्लास चालू आहे. नवीन कुणी सुरू करणार असेल तर ॲप पहिले तीन महिने फुकटातलं वापरावं, आणि पैसे द्यायचेच तर जिवंत माणसाला द्यावेत, तेही पहिल्याच महिन्यापासून. आणि ते पाच प्रश्नांचं रेकॉर्डिंग पहिल्याच दिवशी करून ठेवा, काही येत नसलं तरी. माझे पहिले चार महिने कोरे आहेत, ते आता कुठून आणणार? एन-४चा फॉर्म डिसेंबरसाठी भरणार आहे, साहेबांनी फी कंपनीतून द्यायचं कबूल केलंय.

गेल्या महिन्यात त्याच इंजिनिअरशी व्हिडिओ कॉल झाला. कॅमेऱ्यासमोर कास्टिंग धरलेलं. त्यानं विचारलं, किझु का बारी? म्हटलं, “बारी देसु. क्यो तोरिमासु.” बर आहे, आज काढतो. मग तो भराभर काहीतरी बोलला आणि माझी जीभ सवयीनं हाईकडं वळलीच होती. आवरली. म्हटलं, “सुमिमासेन, मो इचिदो ओनेगाइ शिमासु.” माफ करा, पुन्हा एकदा सांगा. त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश. त्यातलं ‘आश्ता’ आणि ‘शाशिन’ कळलं: उद्या, फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोटो पाठवले.