खिमा-मॅकरोनी की बीफ-ऑर्झो : एकाच पातेल्यातील दोन जेवणांची निवड

बीफ आणि पास्ता एकाच पातेल्यात शिजवून चौघांचे पोटभर जेवण घरी करायचे ठरवले, की दोन पदार्थ समोर येतात आणि त्यांतला कोणता निवडावा हे शेगडी पेटवण्याआधीच ठरवावे लागते, कारण मांसाच्या खरेदीपासूनच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पहिला पदार्थ अमेरिकन गुलाश. बीफचा खिमा, कांदा, भोपळी मिरची, टोमॅटो आणि वाकड्या नळीची एल्बो मॅकरोनी असा त्याचा संसार असतो. न्यू इंग्लंडमध्ये जवळजवळ हेच जेवण ‘अमेरिकन चॉप सुई’ म्हणून वाढले जाते आणि ओहायोमध्ये त्यावर चीज पसरून ओव्हनमध्ये भाजले की ते ‘जॉनी मार्झेट्टी’ होते. हंगेरीच्या रस्सेदार गुलाशची अपेक्षा मात्र येथे ठेवू नये. दुसरा पदार्थ ग्रीसमधील युवेत्सी. त्यात बीफचे मोठे तुकडे टोमॅटो, दालचिनी आणि तमालपत्राच्या रश्शात दीड-दोन तास मऊ शिजवतात आणि शेवटी त्याच रश्शात तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा ऑर्झो पास्ता, ज्याला ग्रीक लोक क्रिथाराकी म्हणतात, घालून भाजतात. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी घरांना दोन्हींचे साहित्य सहज मिळते. महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी काही बदल करावे लागतात, त्यांचा विचार शेवटी केला आहे.

एकाच पातेल्यातला पास्ता वेगळ्या पाण्यात उकडलेल्या पास्त्यापेक्षा मुळातच निराळा असतो. वेगळा उकडला, तर त्याचे पिठूळ पाणी आपण ओतून देतो. येथे ते पाणी पातेल्यातच राहून रश्शाला दाटपणा आणते, आणि पास्ताही नुसते पाणी न पिता पातेल्यात जे काही असेल ते शोषून घेतो. त्यामुळे पास्त्याचा आकार किंवा वरचे चीज यांपेक्षा पास्ता पातेल्यात पडण्याच्या क्षणी त्या द्रवात काय उतरलेले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. खिम्यातून पंधरा-वीस मिनिटांत चरबी आणि परतल्याचा खमंगपणा उतरतो. युवेत्सीच्या खांद्याच्या मांसातून जिलेटिन, म्हणजे रश्शाला दाट करणारा चिकट अंश, उतरते, पण त्याला मंद आचेवर दीड-दोन तास द्यावेच लागतात आणि तो वेळ कोणत्याही युक्तीने शून्यावर येत नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर स्वयंपाक सुरू करणाऱ्याने गुलाशच करावा. ज्याच्याकडे मोकळी दुपार आहे, त्याने मात्र वेळ वाचवण्याच्या मोहात न पडता युवेत्सीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एका पातेल्यातल्या स्वयंपाकातून चवीची जेवढी खोली मिळू शकते तेवढी तिच्यातच मिळते.

खिमा घेताना अमेरिकेतील दुकानात पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९०/१० असे आकडे दिसतात. त्यांतला पहिला आकडा निव्वळ मांसाचा आणि दुसरा चरबीचा असतो. कबाबाला किंवा बर्गरला ८०/२० उत्तम, परंतु येथे सुटलेली चरबी कोठेही निघून जात नाही, मॅकरोनीभोवती तवंग होऊन राहते. म्हणून ८५/१५ घ्यावा, आणि त्याहून चरबीदार मिळाला तर खिमा परतल्यावर पातेले तिरके करून दोन-तीन चमचे चरबी काढून टाकावी. चौघांसाठी ५०० ग्रॅम खिमा पुरतो. तो रुंद आणि जाड बुडाच्या पातेल्यात पसरून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे अजिबात न हलवता राहू द्यावा. आपल्याकडे खिमा पातेल्यात पडताच उलथन्याने मोकळा करण्याची सवय असते. तसे केल्यास तो स्वतःच्या पाण्यात शिजून करडा पडतो आणि ज्या खरपूसपणावर या झटपट पदार्थाची सारी भिस्त आहे, तोच हातचा जातो. बुडाला तपकिरी थर धरला की मग कांदा, मिरची, लसूण घालून त्यांच्या ओलाव्याने तो थर खरवडून घ्यावा. खिम्यात पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यासाठी ७१ अंश सेल्सियसची मर्यादा घालून दिली आहे. रश्शात उकळणारा खिमा ती सहज ओलांडतो, त्यामुळे या पदार्थात ती काळजी वेगळी करावी लागत नाही.

युवेत्सीसाठी मांस निवडताना अधिक जाणतेपणा लागतो. अमेरिकेत ‘चक रोस्ट’ या नावाने मिळणारा खांद्याचा अखंड तुकडा घ्यावा आणि घरी चार-चार सेंटिमीटरचे तुकडे करावेत. ‘स्ट्यू मीट’ म्हणून मिळणारे तयार तुकडे सोयीचे वाटतात, पण ते अनेकदा जनावराच्या वेगवेगळ्या भागांतले असतात, त्यामुळे काही विरघळू लागले तरी काही चिवटच राहतात. खांदा हा सतत काम करणारा स्नायू असल्याने त्यात कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, भरपूर असते. ते मंद आचेवर, ओल्या उष्णतेत हळूहळू जिलेटिनमध्ये बदलते, आणि हेच जिलेटिन पुढे ऑर्झोच्या दाण्यादाण्याला चकाकी आणि ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा देते. खिम्याच्या पदार्थात हा गुण येत नाही, त्यात लोणी घाला किंवा चीज. वजनाचा हिशेब करताना तुकडे शिजून बरेच आटतात हे लक्षात घ्यावे आणि चौघांसाठी ९०० ग्रॅम ते एक किलो मांस घ्यावे. खर्चाच्या दृष्टीने गुलाश स्वस्त पडतो, यात वाद नाही.

पाण्याचे प्रमाण हा दोन्ही पदार्थांचा मर्मभाग आहे आणि बहुतेक बिघाड तेथेच होतो. गुलाशसाठी २५० ग्रॅम मॅकरोनी, ८०० ग्रॅमचा टोमॅटोचा एक डबा आणि ५०० मिलिलीटर गरम स्टॉक (मांस-हाडे उकळून गाळलेले पाणी) किंवा साधे पाणी हे प्रमाण भरवशाचे आहे. कोरडी मॅकरोनी शिजल्यावर दुपटीहून थोडी अधिक जड होते, म्हणजे साधारण ३०० मिलिलीटर द्रव ती स्वतःच पिते, काही वाफेवर जातो आणि उरलेल्यात ती सैलसर माखलेली राहते. टोमॅटोच्या आंबटपणामुळे पास्ता मऊ होण्यास पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून पाकिटावर सात-आठ मिनिटे लिहिली असली तरी येथे दहा-बारा धरावीत आणि त्या अवधीत दर दोन मिनिटांनी बुडापासून ढवळावे. मॅकरोनी दाताला थोडी लागत असतानाच आच बंद करून झाकण ठेवावे, कारण उरलेले शिजणे ती मुरताना पूर्ण करते. पाकिटावर डुरम गव्हाच्या रव्याचा उल्लेख आहे की नाही, हेही पाहावे. मैद्याची स्वस्त मॅकरोनी रश्शात फुटून लगदा होते.

ऑर्झोचे गणित थोडे कठोर आहे. मांस शिजेपर्यंत किती रस्सा आटेल हे झाकणावर, आचेवर आणि पातेल्याच्या रुंदीवर अवलंबून असल्याने आधी ठरवलेले पाण्याचे प्रमाण येथे उपयोगी पडत नाही. मांस सुटसुटीत मऊ झाले की तुकडे झाऱ्याने बाजूला काढावेत, उरलेला रस्सा मापाच्या भांड्यात ओतावा आणि उकळते पाणी घालून तो ७५० मिलिलीटर करावा. २५० ग्रॅम ऑर्झोला एवढा द्रव लागतो. पाणी उकळतेच हवे, कारण गार पाण्याने रश्शाची उकळी मोडते आणि ऑर्झो शिजण्याआधी नुसता भिजत राहतो. मग सारे पुन्हा एकत्र करून १८० अंश सेल्सियसला तापलेल्या ओव्हनमध्ये पंचवीस-तीस मिनिटे ठेवावे आणि मध्ये एकदा नीट ढवळावे. ओव्हन नसेल तर अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटांत काम होते, पण दाणे तळाशी बसून खिचडीसारखे बुडाला लागतात, म्हणून तेवढा वेळ शेगडीपासून हलता येत नाही. ओव्हनमध्ये वरचे दाणे किंचित कुरकुरीत होतात, हा लाभ शेगडीवर मिळत नाही.

मसाल्यांच्या बाबतीत युवेत्सी मराठी हाताला जवळची आहे. दालचिनीचा एक तुकडा, दोन तमालपत्रे, ऑलस्पाइसचे तीन-चार दाणे किंवा त्याऐवजी दोन लवंगा, थोडी टोमॅटो पेस्ट आणि चालत असल्यास दीडशे मिलिलीटर लाल वाइन, एवढ्यावर ती उभी राहते. वाइन नको असल्यास तेवढाच स्टॉक आणि उतरवताना चमचाभर लिंबाचा रस घालावा. वर किसायला ग्रीक केफालोतिरी हे मेंढी-शेळीच्या दुधाचे कडक, खारट चीज असते. ते न मिळाल्यास पेकोरिनो हे इटालियन चीज चालते. गुलाशमध्ये मात्र गोड पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), मिरपूड, सुके ओरेगॅनो आणि थोडा वुस्टरशर हा आंबट-खारट इंग्लिश सॉस यांच्यापलीकडे जाऊ नये. गरम मसाला किंवा आले-लसणाचे वाटण घातले की मॅकरोनी घातलेला खिमा मसाला तयार होतो, आणि तो पावाबरोबर जितका शोभतो तितका टोमॅटोत शिजलेल्या मॅकरोनीबरोबर शोभत नाही. तिखट हवेच असेल तर वाढताना लाल मिरचीचे फ्लेक्स द्यावेत. लहान मुले असलेल्या घरात गुलाश निर्विवाद सरस ठरतो. त्यात चावायला अवघड असे काही नसते आणि चव सौम्य असते.

भांडे कोणते घ्यावे, याचे उत्तर दोन्हींसाठी जवळजवळ एकच आहे. पाच लिटरचे, जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे स्टीलचे किंवा एनॅमलचा थर दिलेले लोखंडी भांडे घ्यावे. साध्या ॲल्युमिनियममध्ये टोमॅटो आणि वाइन दोन तास ठेवल्यास चवीला धातूचा वास लागतो, त्यामुळे युवेत्सी त्यात करूच नये. प्रेशर कुकरची मदत घ्यायची असेल तर तीही युवेत्सीलाच घ्यावी. पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर तीस-पस्तीस मिनिटांत मांस मऊ होते, मग वाफ पूर्ण जिरल्यावर झाकण काढून ऑर्झो उघड्यावर शिजवावा. मॅकरोनी दाबाखाली शिजवण्यात वेळ फारसा वाचत नाही आणि मिनिटभराच्या चुकीनेही ती गीच होते. विजेवरच्या प्रेशर कुकरमध्ये दाट टोमॅटो तळाशी करपून यंत्र मध्येच थांबण्याचा त्रासही होतो.

तयार खोक्याचा पर्याय काहींच्या मनात येईल. जनरल मिल्स कंपनीने १९७१मध्ये अमेरिकाभर आणलेला ‘हॅम्बर्गर हेल्पर’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. खोक्यात सुका पास्ता आणि मसाल्याची पूड असते, आपण फक्त खिमा, पाणी आणि प्रकारानुसार दूध घालायचे. त्यामुळे वाचतो तो कांदा-मिरची चिरण्याचा वेळ. खिमा परतावाच लागतो, पास्ता शिजण्यास तेवढाच वेळ द्यावा लागतो आणि मिठाचे प्रमाण आपल्या हाती राहत नाही. टोमॅटोचा एक डबा आणि मॅकरोनीचे पाकीट घरात असेल तर खोके आणण्याचे कारण मला दिसत नाही.

आगाऊ तयारी आणि उरलेले जेवण यांचा विचार निवडीत अनेकजण करत नाहीत, पण आठवड्याचा स्वयंपाक आखणाऱ्यासाठी तो निर्णायक ठरू शकतो. पातेल्यातला पास्ता जेवणानंतरही रस्सा पितच राहतो. दुसऱ्या दिवशी गुलाश घट्ट होतो, पण अर्धी वाटी गरम स्टॉक घालून हलक्या हाताने गरम केला की तो पुन्हा खाण्याजोगा होतो. ऑर्झो मात्र फुगून एकमेकांना चिकटतो आणि त्याचे पहिले रूप परत येत नाही. म्हणून युवेत्सी पूर्ण करून उरवू नये. तिचा मांसाचा रस्सा आदल्या दिवशी करून ठेवावा, कारण तो रात्रभर मुरून अधिक चांगला लागतो आणि वर गोठलेली चरबी चमच्याने अलगद काढता येते. दुसऱ्या दिवशी फक्त रस्सा उकळून मोजायचा आणि ऑर्झो घालायचा, म्हणजे तीन तासांचे वाटणारे जेवण संध्याकाळी पाऊण तासात तयार होते. फ्रीझरमध्ये ठेवायचे झाल्यास दोन्हींचा पास्त्याविना रस्साच ठेवावा, तो दोन-तीन महिने चांगला राहतो. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी आहे आणि मार्च २०१५पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली, म्हणून येथे कायद्याने मिळणारे मांस म्हशीचे किंवा रेड्याचे असते. ते गडद रंगाचे, भरड तंतूंचे आणि कमी चरबीचे असल्याने निवडीचा कल थोडा बदलतो. त्याचा खिमा कोरडा पडू नये म्हणून परतताना दोन चमचे तेल घालावे आणि दुकानदाराकडून तो दोनदा कुटून किंवा यंत्रातून दोनदा काढून घ्यावा. मग टोमॅटो घातल्यानंतर झाकण ठेवून वीस मिनिटे शिजू द्यावा आणि त्यानंतरच मॅकरोनी घालावी. तुकडे घ्यायचे असतील तर पायाच्या नळीचे, हाडासकट घ्यावेत, कारण मांसात नसलेला स्निग्धपणा नळीतल्या मगजातून आणि शिरांतून येतो. कुकरमध्ये त्यांना चाळीस-पंचेचाळीस मिनिटे द्यावीत. ऑर्झो मोठ्या शहरांतल्या काही दुकानांतच मिळतो. तो नसेल तर डुरम रव्याची सर्वांत बारीक मॅकरोनी वापरावी आणि द्रव ७५०ऐवजी ६५० मिलिलीटर ठेवावा, कारण त्या मॅकरोनीला बारीक ऑर्झोइतका रस्सा लागत नाही.