बर्फावर चालताना बुटांना काय लावावं: तारेची वेटोळी, खिळे की साखळीचे दाते?

मराठीत आपण 'बर्फ' या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे आकाशातून पडलेलं भुसभुशीत हिम, ज्यात पाय रुततो. दुसरी म्हणजे तेच हिम तुडवलं जाऊन, वितळून पुन्हा गोठलं की होणारा काचेसारखा थर, ज्यावर पाय ठरतच नाही. बुटांवर चढवायचे ग्रिप घेताना आपल्या वाटेवर यातलं काय असतं ते आधी नीट पाहा. हिमावर छान चालणारी जोडी काचेसारख्या थरावर दगा देऊ शकते.

बर्फ सगळ्यात निसरडा असतो तो शून्य अंशाच्या आसपास, कारण तेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. उणे २५-३० अंशांचा कोरडा बर्फ त्या मानाने पायाला बरा लागतो. म्हणून दुपारी वितळणारे आणि संध्याकाळी गोठणारे दिवस मला कडाक्याच्या थंडीपेक्षा जास्त धोक्याचे वाटतात. थंडी ओसरली म्हणून लोक नेमके त्याच दिवसांत ग्रिप घरी ठेवून निघतात.

नुसते चांगले हिवाळी बूट पुरणार नाहीत का, असं वाटणं साहजिक आहे. टोरोंटोच्या एका संशोधन केंद्रात प्रत्यक्ष माणसांना बर्फाच्या उतारावर चालवून बूट तपासतात आणि कितव्या अंशाला पाय सुटतो ते मोजतात. २०१६ साली तिथे ९८ प्रकारचे बूट तपासले, तेव्हा बहुतेक बूट ७ अंशांच्या किरकोळ उतारावरही टिकले नाहीत. खोल नक्षीचा तळ हिमात उपयोगी पडतो. ओल्या, गुळगुळीत बर्फात मात्र त्या नक्षीला रुतायला जागाच नसते.

तारेची वेटोळी

रबरी जाळीवर स्प्रिंगसारखी तार गुंडाळलेली असते. वजनाला हलकी, घडी करून खिशात मावणारी, आणि पायाखाली फारशी टोचत नाही. मध्येच चार पावलं मोकळी फरशी आली तरी चालून जाता येतं. तुडवलेल्या हिमावर ही जोडी उत्तम. पण तार गोल असते, तिला टोक नसतं, त्यामुळे कडक गुळगुळीत बर्फात ती घुसत नाही, वरून सरकते. डांबरावर फार चाललात तर तार झिजून तुटते, आणि तुटलेलं टोक बुटाच्या तळाला ओरखडतं.

तरीही हिला कमी लेखू नका. आधीच्या वर्षात पडलेल्या १०९ वृद्ध लोकांवर केलेली एक चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यात अशी वेटोळ्यांची जोडी वापरणारे लोक, नेहमीचे हिवाळी बूट घालणाऱ्यांपेक्षा, घराबाहेर बरेच कमी पडले. साधी जोडी, पण रोज पायात असलेली, हे त्यामागचं खरं कारण असावं असं मला वाटतं.

खिळे

रबरी पट्ट्यात टंगस्टन कार्बाइडचे छोटे खिळे बसवलेले असतात, जेमतेम काही मिलिमीटर बाहेर आलेले. मोह्‌सच्या काठिण्य मापावर टंगस्टन कार्बाइड ९ च्या आसपास, तर शून्याजवळचा बर्फ जेमतेम दीड. त्यामुळे अंगाचं वजन पडलं की खिळा बर्फात शिरतो. गोठलेला पदपथ, वाहनतळ, रोजचा बसथांबा यांसाठी मी खिळेच घ्या म्हणेन.

खिळे कुठे आहेत ते मात्र पाहा. चालताना आधी टाच टेकते. त्या क्षणी पाय पुढे घसरला की माणूस पाठीवर किंवा डोक्यावर आदळतो. चवड्यावर जोर देऊन पाऊल उचलताना पाय मागे घसरतो तेव्हा निदान तोल सावरायला थोडी संधी मिळते. काही स्वस्त जोड्यांमध्ये खिळे फक्त चवड्याखाली असतात, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच काही नाही. उलट फक्त टाचेवरचे ग्रिप मिळतात. ते बसवायला सोपे, सपाट वाटेवर पुरेसे, पण चढावर चवडा सुटतो. शक्य असेल तर टाच आणि चवडा दोन्ही झाकणारी जोडी घ्या.

साखळी आणि दाते

यांना सगळे 'मायक्रोस्पाइक्स' म्हणतात. मुळात ते एका कंपनीच्या उत्पादनाचं नाव, आता ते या प्रकारालाच चिकटलं आहे. ताणल्या जाणाऱ्या रबरी कड्याखाली साखळ्या, आणि त्यांना सुमारे १ सेंटिमीटरचे पोलादी दाते. डोंगरवाटेवरचं गोठलेलं हिम, चढउतार, जंगलातली बर्फाळ पायवाट यांना याच्या तोडीचं दुसरं काही नाही. मात्र शहरात रोज वापरायला घेऊ नका. उघड्या दगडावर दाते बोथट होतात, घोट्यावर ताण येतो, आणि मऊ तळाच्या बुटात ते तळव्याला जाणवतात. ओल्या हिमाचे गोळेही दात्यांमध्ये अडकतात. मग दाते जमिनीला लागतच नाहीत आणि आपण गोळ्यावरून घसरतो. काठीने किंवा दुसऱ्या बुटाने ठोकून ते झाडत राहावे लागतात.

जिथे घसरल्यावर थांबता येणार नाही अशा तीव्र उतारावर मायक्रोस्पाइक्सच्या भरवशावर जाऊ नये. तिथे क्रॅम्पॉन (बुटाखाली घट्ट बांधायचा, लांब दात्यांचा पोलादी सांगाडा), आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि ही साधनं वापरायचं प्रशिक्षण लागतं. गिर्यारोहक ऑस्कर एकेनस्टाइन यांनी १९०८ साली दहा दात्यांचा क्रॅम्पॉन बनवला तो अशाच हिमउतारांसाठी. आणि गुडघाभर ताजं हिम असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, तिथे वजन पसरवणारे रुंद स्नोशू हवेत.

बसतात कसे, निघतात कसे

आईसाठी जोडी घेताना माझा सगळा हिशोब बदलला. तिला कमरेत वाकता येत नाही आणि बोटांत जोर नाही. पकड सगळ्यात चांगली असलेली जोडी तिला स्वतःला चढवताच येईना, म्हणजे ती दाराशी पडून राहणार. शेवटी खिळे आतबाहेर पलटता येणारे बूट घेतले. तुमच्या घरी कुणासाठी घेत असाल तर त्यांना खुर्चीत बसवून, हातमोजे घालून, जोडी स्वतः चढवायला आणि काढायला सांगा. ते जमलं तरच घ्या.

माप बुटाच्या बाहेरच्या आकारावरून घ्यावं, पायाच्या नंबरावर जाऊ नये. हिवाळी बूट जाडजूड असतात. जोडी सैल राहिली तर चालताना वळून बाजूला येते. चढवल्यावर चार पावलं चालून पुन्हा पाहा. चालताना छोटी पावलं, पाऊल सपाट टेकलेलं, अंगाचा भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. दात्यांची जोडी असेल तर पाय जरा फाकून टाका, नाहीतर दाते दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात.

घरात, दुकानात, जिन्यात शिरताना कुठलीही जोडी असो, ती काढलीच पाहिजे. गुळगुळीत फरशीवर धातू आणि दगड यांच्यात पकड नसते. मी स्वतः बाहेर तासभर बर्फात न घसरता चाललो आणि आत आल्यावर दुसऱ्या पावलाला फरशीवर आडवा झालो, मनगट महिनाभर दुखत होतं. गाडी चालवतानाही ती पायात नको, पेडलवर पाय नीट बसत नाही.

परत आल्यावर धुऊन, पुसून, हवेशीर जागी वाळवा. हीटरवर टाकू नका, रबर कडक होतं. हिवाळा सुरू होण्याआधी रबर ताणून पायाच्या बोटांकडची बाजू पाहा, बारीक भेगा बहुधा तिथेच आधी पडतात. एखादा खिळा पडला असेल तर तो टाचेखालचा आहे का ते तपासा. तसा असेल तर नवी जोडी घ्या.