इंटरव्हल की सलग चाल? इन्शुलिन रेझिस्टन्स असलेल्या मुलांसाठी

मानेवरचा काळेपणा मळाचा नव्हे, इन्शुलिन रेझिस्टन्समुळे, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्यामुळे, इन्शुलिन वाढल्याचा आहे हे कळलं आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, की घरात पहिला प्रश्न येतो: कसला व्यायाम? १२ ते १८ वयाच्या, वजन जास्त असलेल्या मुलामुलींसाठी मुख्य पर्याय दोन. एक म्हणजे ४०-४५ मिनिटं सलग भरभर चाल किंवा सायकल. दुसरा इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, परत जोरात.

‘इंटरव्हलने वेळ वाचतो’ ही जाहिरात अर्धीच खरी. खूप वापरला गेलेला प्रकार ४×४ चा. १० मिनिटं अंग गरम करणं, ४ मिनिटांच्या चार जोरदार फेऱ्या, मधे ३-३ मिनिटं हळू, शेवटी ५ मिनिटं सावकाश. बेरीज करा: ४० मिनिटं. १ मिनिट जोर आणि २ मिनिटं हळू अशा आठ फेऱ्या केल्या तरी सुरुवात-शेवट धरून अर्ध्या तासाच्या वरच जातं.

फायदा कुठे, तर दमसास वाढण्यात. तिथे इंटरव्हल बहुधा पुढे असतं. कंबर आणि चरबीच्या बाबतीत दोन्ही प्रामाणिकपणे केले तर फारसा फरक पडत नाही. इन्शुलिनचं काम दोन्हींनी सुधारतं. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो, आणि व्यायामानंतर साधारण २४ ते ७२ तास तो इन्शुलिनला जास्त दाद देतो. हा परिणाम साठवता येत नाही. म्हणून रविवारी मिरामारच्या किनाऱ्यावर दोन तास घाम गाळून आठवडाभर बसून राहणाऱ्यापेक्षा एक दिवसाआड अर्धा तास चालणारा पुढे जातो. सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

जोर म्हणजे किती? हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके काढायला २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. १४ वर्षांच्या मुलाचे साधारण १९८. इंटरव्हलच्या जोरात त्याचे ८५ ते ९५ टक्के, म्हणजे १६८ ते १८८. सलग चालीत ६० ते ७० टक्के, म्हणजे ११९ ते १३९. मनगटावरचं घड्याळ मात्र मागे राहतं. एका मिनिटाच्या फेरीत ते आकडा दाखवेपर्यंत फेरी संपलेली असते. तिथे बोलण्यावरून ओळखावं: सलग चालीत वाक्य बोलता येतं पण गाता येत नाही, जोराच्या फेरीत दोन-तीन शब्दांवर श्वास अडतो.

इंटरव्हल म्हणजे धावणंच, असं नाही. जड शरीराला धावणं आणि दोरीउड्या सुरुवातीला नकोतच, गुडघे-घोटे कुरकुरतात. चढ बरा: पणजीत आल्तिनोचा, फोंड्याकडे फर्मागुडीचा. भरभर चढताना पावलांचा आदळ कमी आणि ठोके मात्र वर. उतरताना पावलं छोटी ठेवायची, तीच विश्रांती. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा व्यायामाची सायकल किंवा इमारतीचा कोरडा जिना. किनाऱ्यावर चालायचं तर ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत घोटा मुरगळतो.

इंटरव्हल बिघडतं ते बहुतेक पहिल्या फेरीत. मूल जीव खाऊन पळतं, दुसऱ्या फेरीत मळमळतं आणि तिसऱ्या दिवशी येतच नाही. पहिली फेरी मुद्दाम थोडी सोपी वाटायला हवी. उलट सलग चालीत हळूहळू वेग उतरतो आणि गप्पांची फेरी होते. ती फिरायला छान, पण व्यायाम नव्हे. दमट हवेत मांड्या घासून सोलवटतात, आणि मुलं लाजून हे कारण सांगत नाहीत. लांब घट्ट शॉर्ट्स नि थोडं व्हॅसलीन पुरतं.

मांडीच्या सांध्यात किंवा गुडघ्यात दुखून मूल लंगडत असेल तर दोन्ही पर्याय बंद करून लगेच डॉक्टरांकडे. या वयात आणि या वजनात मांडीच्या हाडाचं डोकं सरकण्याचा धोका असतो, आणि दुखतं मात्र अनेकदा गुडघ्यात. छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब जास्त, घरात तरुणपणी अचानक मृत्यू, इन्शुलिनची इंजेक्शनं: यातलं काहीही असेल तर इंटरव्हलआधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

आमचा कौल: पहिले चार आठवडे सलग चाल, २० मिनिटांपासून ४० पर्यंत. मग आठवड्यातून दोनदा इंटरव्हल, मधे किमान एक दिवस सोडून, बाकी दिवशी चाल. चालीला कंटाळणाऱ्या, खेळात रमणाऱ्या मुलाला इंटरव्हल लवकर आवडतं. चारचौघांत धापा टाकायची लाज वाटणाऱ्याला चालच राहू द्या. व्यायामानंतर उसाचा रस मात्र बक्षीस म्हणून नको, पाणी पुरे.

१२ आठवड्यांनी तपासताना वजनकाट्यावर विसंबू नका. कंबर मोजा, आणि उपाशीपोटी साखर व इन्शुलिन एकाच लॅबमध्ये करा. साखर ९५ आणि इन्शुलिन २२ असेल तर गुणाकाराला ४०५ ने भागून ५.२ येतं, तोच होमा-आयआर, इन्शुलिन रेझिस्टन्स किती आहे याचा अंदाज देणारा आकडा. वयात येताना हा आकडा मुळातच थोडा वाढतो, म्हणून शेजारच्या मोठ्या माणसाच्या रिपोर्टशी तुलना करू नये. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम नको, नाहीतर आदल्या दिवशीच्या चढाचा परिणाम तीन महिन्यांची कमाई म्हणून मोजला जातो.