नाईट रायडर की स्ट्रीट हॉक? वहिनी, माझं ऐका

वहिनी, चवथीच्या सुट्टीत पोराला जुनी अ‍ॅक्शन सिरियल दाखवायचीय, नाईट रायडर लावू की स्ट्रीट हॉक, असं तुम्ही विचारलंत आणि मी त्याच रात्री दोन्ही परत बघायला बसलो. बाहेर फोंड्याचा पाऊस, दोनदा लाईट गेली, तरी पाच-सहा एपिसोड झाले.

माझा जीव पहिल्यापासून स्ट्रीट हॉकवर. दूरदर्शनवर लागायची तेव्हा आमच्या वाड्यावर एकाच घरी टीव्ही, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात पिवळ्या मडगार्डचा पायलट, म्हणजे भाड्याची बाईक चालवणारा, दिसला की आम्ही सगळे त्याच्या मागून ‘हायपरथ्रस्ट!’ (सिरियलमधल्या बाईकचा सुसाट वेग) ओरडत धावायचो. मनात एवढी मोठी होऊन बसलेली सिरियल, आणि बघायला गेलं तर १९८५ चे सगळे मिळून १३ एपिसोड! आठवड्यात उरकते.

जेसी मॅक हा बाईकवरचा पोलीस, गुडघा जायबंदी होतो म्हणून त्याला पब्लिक रिलेशनच्या टेबलावर बसवतात आणि रात्री तो ती काळी बाईक काढतो, जी म्हणे ताशी ३०० मैल पळते, म्हणजे ४८० किलोमीटरच्या आसपास. लहानपणी मला फक्त बाईक दिसायची. आता नॉर्मन टटल दिसतो. बाईक त्यानेच बनवलेली, पण स्वतः रस्त्यावर उतरायचं म्हटलं की त्याचं धाबं दणाणतं, मग कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसून तो जेसीला ओरडतो, समजावतो, आणि हायपरथ्रस्ट लागला की बाईक कंप्युटर सांभाळतो, जेसी नुसता वाकून घट्ट धरून बसतो. नॉर्मनचा तेव्हाचा चेहरा बघा, जीव मुठीत धरलेला. वर टँजरीन ड्रीम या बँडचं म्युझिक, ते अजून अंगावर येतं. कथा मात्र साच्यातल्या, आणि वेगाचे शॉट फिल्म पळवून केलेत हे आता लगेच कळतं. दुसऱ्या एपिसोडमध्ये कोवळा जॉर्ज क्लूनी आहे, भाऊला सांगू नका, त्याला स्वतःला ओळखू दे.

नाईट रायडरचा पसारा मोठा, १९८२ ते १९८६, चार सीझन. आजच्या पोराला बोलणारी गाडी नवीन नाही, फोन पण बोलतो, त्यामुळे मला वाटलेलं की ही फिकी पडेल. पण नाही पडत, कारण किट, म्हणजे ती गाडी, नुसतं उत्तर देत नाही, तो नाक मुरडतो, ती चालवणाऱ्या हिरो मायकलला टोमणे मारतो, आणि मायकल संकटात सापडला की किटला आवाज देणाऱ्या विल्यम डॅनियल्सच्या बोलण्यात जी काळजी येते ती खरी वाटते. बॉनीही मला आवडते, किटची सगळी दुरुस्ती ती करते आणि कोणी त्याला धक्का लावून आणला की तिला राग येतो. किट एकटा चालतो ते शॉट थांबवून बघितले तर ड्रायव्हर सीटच्या आत लपलेला सापडू शकतो, पोराला हा शोध फार आवडेल.

गोळीबाराचं म्हणाल तर मायकलला बंदूक नको असते, पहिल्याच एपिसोडमध्ये त्याच्याच तोंडावर गोळी झाडलेली असते. स्ट्रीट हॉकच्या बाईकवर रॉकेट-लेझर सगळं लावलंय, आणि सुरुवातीलाच जेसीच्या जोडीदाराचा खून होतो. नऊ वर्षांच्या पोराला मी आधी ते दाखवणार नाही.

तर पोरासाठी नाईट रायडर, पण पहिले दोन सीझनच, चौथ्यात गाडीचं रूपच बदलून टाकतात आणि मजा जाते. स्ट्रीट हॉक भाऊसाठी, पोर झोपल्यावर. आणि नाईट रायडरचा पहिला भाग दीड तासाचा आहे, त्या दिवशी जेवणं लवकर उरका.