दोन मीटरचे कॉम्पोझिट एरोबॅटिक मॉडेल: मुंबईतील जुळणी आणि काही महिन्यांचा वापर

साच्यात घडवलेले, रेडिओवर उडवायचे कॉम्पोझिट विमान, म्हणजे तंतूंचे कापड इपॉक्सी या चिकट राळेत बसवून केलेले, खोक्यातून निघते तेव्हा रंगवलेले, चकचकीत आणि जवळपास तयार दिसते, आणि त्याच्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज याच दिसण्यातून होतो. गेल्या पावसाळ्यात मी एफ3ए या रेडिओ-नियंत्रित कसरती विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-वर्गातील, विजेवर चालणारे असे एक मॉडेल जोडायला घेतले. दिवाळीनंतर ते उडू लागले, आणि आता दुसरा पावसाळा तोंडावर आलेला असताना त्याविषयी ठामपणे काही सांगता येईल इतका वापर झाला आहे. माझे मत आधीच सांगतो: मुंबईच्या हवेत बाल्सा लाकूड आणि त्यावर चिकटवलेल्या प्लास्टिक फिल्मच्या विमानापेक्षा हे विमान निश्चितच चांगले टिकते, परंतु साच्यातून येते ते फक्त रूप, सरळपणा जोडणाऱ्यालाच आणावा लागतो आणि जुळणीचा बहुतेक वेळ त्यातच जातो. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या उणिवा या पद्धतीने बनणाऱ्या मॉडेलांत थोड्याफार फरकाने आढळतातच.

या वर्गाच्या मर्यादा ठाऊक असल्या की जुळणीतील अनेक निर्णय आपोआप होतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानाची लांबी आणि पंखांचा पसारा प्रत्येकी 2 मीटरच्या आत, वजन 5 किलोच्या आत आणि बॅटरीचा दाब 42.56 व्होल्टच्या आत असावा लागतो. म्हणून बहुतेक जण प्रत्येकी पाच सेलच्या दोन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या एकामागे एक जोडून दहा सेल करतात; पूर्ण चार्ज झाल्यावर त्यांचा दाब 42 व्होल्ट होतो. 5000 एमएएचच्या अशा जोडीचे वजनच सव्वा किलोच्या आसपास जाते. मोटर, स्पीड कंट्रोलर, सर्व्हो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि 20 ते 21 इंचांचा प्रोपेलर धरला की उरलेल्या वजनात सगळा सांगाडा बसवायचा असतो, आणि चमचाभर जास्त इपॉक्सीसुद्धा शेपटीकडे पडले तर नाकाकडे त्याच्या काही पट वजन टाकून तोल साधावा लागतो.

पंखांची कातडी म्हणजे फोमच्या पातळ थराला दोन्ही बाजूंनी काचेच्या तंतूंचे बारीक कापड आणि इपॉक्सी, गरज असेल तिथे कार्बनच्या पट्ट्या, आणि सर्वांत बाहेर साच्यातच आधी फवारलेला रंग. दोन अर्धे भाग जोडले की आत पोकळी राहते. हे सगळे झाकलेले असल्यामुळे हातात आल्यावर पहिले काम तपासणीचे. रुपयाचे नाणे हलक्या हाताने पृष्ठभागावर टकटक करत नेले, तर जिथे थर नीट चिकटले आहेत तिथे खणखणीत आणि जिथे सुटले आहेत तिथे बद्द आवाज येतो. माझ्या उजव्या पंखात एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या, बिजागरीजवळ बोटभर जागा अशी बद्द निघाली. आतून सिरिंजने पातळ इपॉक्सी सोडून आणि वरून मेणकागद ठेवून सपाट वजन दिल्यावर ती बसली, आणि आजतागायत तिथे काही हललेले नाही. एरवी रंगाची सफाई उत्तम होती. जोडरेषेवरचा बारीक उंचवटा हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, सहज निघाला.

खरी परीक्षा सरळपणाची. माझ्याकडे सर्वांत सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. पाणसळ लावून तो तपासला आणि रात्रीची भांडी आवरल्यावर काम तिथेच केले. धड फोमच्या पाळण्यात ठेवून पंखाची नळी आरपार घातली, शेपटीकडच्या आडव्या पंखाची, म्हणजे स्टॅबची, नळीही घातली आणि दोन्हींची टोके ओट्यापासून मोजली. पंखाची नळी ओट्याला समांतर आल्यावर स्टॅबची नळी एका टोकाला दीड मिलिमीटर खाली होती. एवढ्याशा फरकाने विमान उडत नाही असे नाही, पण लूप, म्हणजे उभे वर्तुळ, काढताना ते हळूहळू एका बाजूला कलंडत राहते आणि वैमानिक महिनोन्‌महिने एलेरॉनचे ट्रिम, म्हणजे मूळ स्थितीची बारीक जुळवणी, बदलत बसतो. नळीचे भोक बारीक गोल कानशीने वरच्या अंगाला वाढवले, नळी बरोबर जागी धरून ठेवली आणि खालच्या बाजूला राहिलेली फट इपॉक्सीत कापसाचा भुसा मिसळून भरली.

आडव्या प्रतलातले कोन तपासण्यासाठी रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या पात्याच्या, मध्यरेषेपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा ताणून अंतर समान आहे का हे पाहतात. येथे मासेमारीचा तंगूस वापरू नये, कारण तो ताणाबरोबर लांबतो आणि दोन्हीकडची मापे सारखी असल्याचे फसवे समाधान देतो. मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा बरा. उभा रडर आणि पंख यांच्यातला काटकोन गुण्याने तपासता येत नाही, कारण धड कुठेच सपाट नसते, म्हणून रडरच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. गवंड्याचे हे हत्यार नव्या पद्धतीच्या विमानाला इतके उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

चिकटवण्याच्या कामात मुंबईचा पावसाळा सरळ आडवा येतो. जुलैमध्ये हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते, आणि अशा हवेत इपॉक्सीच्या हार्डनरमधील अमाइन ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट थर तयार करते. हा थर पाण्यात विरघळतो. म्हणून आधी कोमट पाण्याने पुसायचा, वाळू द्यायचा आणि मगच घासायचा. आधीच पॉलिश पेपर फिरवला तर तो मेणचटपणा पसरतो आणि पुढचा थर त्यावर नुसता बसतो, धरत नाही. ज्या खोलीत एसी आहे तिथे काम करणे हा सर्वांत सोपा उपाय. साच्यातून आलेल्या भागावर साचा सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचा अंशही असू शकतो, त्यामुळे जोडाची प्रत्येक जागा ॲसिटोनने पुसून, 120 नंबरने खरवडून, पुन्हा पुसणे भाग आहे. ॲसिटोनचा वास जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत पोहोचतो आणि शेजारच्या काकू अजूनही आमच्याकडे कसली फॅक्टरी चालते हे विचारतात, पण ही पायरी गाळता येत नाही. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी मी फक्त भाग तात्पुरते धरून ठेवण्यासाठी वापरतो. मोटरची कडी, चाकांच्या पायांची फळी आणि कंट्रोल हॉर्न (हलत्या पट्ट्यांना सर्व्होच्या दांड्याशी जोडणारे कान) यांना रात्रभर घेणारे जाडसर इपॉक्सीच हवे.

कारखान्याने दिलेले स्क्रू आणि बोल्ट सरळ बाजूला ठेवावेत. ते मऊ पोलादाचे होते आणि ॲलन की दोनदा फिरवली की त्यांची खाच गोल व्हायची. नागदेवी स्ट्रीटवर एम3 आणि एम4 मापाचे स्टेनलेसचे ॲलन बोल्ट, नायलॉन लॉकनट आणि वॉशर सुटे मिळतात; बॅटरीसाठीची जाड सिलिकॉन वायर आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर. समुद्राची खारी हवा असलेल्या शहरात आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवे. कार्बन विजेचा वाहक आहे. ॲल्युमिनियम त्याला उघडे टेकले आणि मध्ये खारट ओल आली की ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी धरते. पंखाची नळी आणि कार्बनची बाही यांच्या संपर्काच्या जागी मी काचेच्या कापडाचा एक पातळ थर दिला, आणि ज्या जागी तो दिला नव्हता अशा एका लहान ब्रॅकेटवर मार्चपर्यंत ती भुकटी दिसू लागली होती. कार्बनचा हाच गुण रेडिओलाही नडतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते आणि रिसीव्हरच्या अँटेनाचे कामाचे टोक जेमतेम तीन सेंटिमीटर; ती दोन्ही टोके कार्बनच्या भागापासून दूर, एकमेकांना काटकोनात आणि शक्यतो काचेच्या तंतूंच्या भिंतीलगत ठेवावी लागतात.

पंख निघत असल्यामुळे विमान घरात मावते, पण धडाचे काय, हा मुंबईकराचा पहिला प्रश्न असतो. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते तिरके उभे केले तरच बसते आणि त्या वेळी दुसरे कोणी लिफ्टमध्ये येऊ शकत नाही. गाडीत पुढची सीट आडवी करून ते डॅशबोर्डपर्यंत येते. लोकलने नेण्याचा विचारही करू नये: फोमच्या गाभ्याची कातडी वाऱ्याचा दाब उत्तम पेलते, पण कोणाच्या कोपराचा एक धक्का तिला खड्डा पाडायला पुरेसा होतो.

हवेत मात्र या विमानाने सगळी मेहनत वसूल केली. पंखांना पीळ पडत नसल्यामुळे वेगात आणि संथ उड्डाणात ते सारखेच वागते. बाल्साच्या जुन्या विमानात उन्हात फिल्म सैल पडली की सकाळचे ट्रिम दुपारी चालत नसे, तो प्रकार येथे संपला. सरळ वर चढताना ते डावीकडे झुकत होते, म्हणून मोटरचा उजवा कोन वॉशर टाकून थोडा वाढवला. तो आता तीन अंशांच्या जरासा आत आहे. नाइफ एजमध्ये, म्हणजे पंख उभे ठेवून रडरवर उडताना, ते पोटाकडे किंचित वळते. सुरुवातीला हे रेडिओतील मिक्सने, म्हणजे एका नियंत्रणासोबत दुसरे आपोआप हलवण्याच्या सोयीने, दाबले होते. नंतर गुरुत्वमध्य काही मिलिमीटर मागे नेल्यावर मिक्सची गरज जवळपास अर्धी झाली. ज्यांना पहिल्याच आठवड्यात मिक्स लावण्याची घाई असते त्यांना माझा सल्ला आहे की बॅटरी पुढे-मागे सरकवून पाहणे फुकट आहे आणि बऱ्याचदा पुरेसे असते.

उडवायचे कुठे, हा मुद्दा विमानाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. मुंबई शहरात अधिकृतपणे जागा नाही असेच समजावे: विमानतळ, जुहूचे धावपट्टीक्षेत्र आणि नौदलाची ठिकाणे आहेतच, शिवाय पोलिसांचे ड्रोन आणि रिमोटवर चालणाऱ्या विमानांवरील मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. ड्रोन नियम 2021 नुसार हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, 400 फूट, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूट ही मर्यादा आहे. 2 किलोपर्यंतच्या, व्यवसायासाठी न वापरलेल्या यंत्रांना रिमोट पायलट प्रमाणपत्रातून मिळणारी सूट पाच किलोच्या विमानाला लागू होत नाही. यातली अडचण थोडे गणित केले की दिसते. एफ3एच्या कसरती वैमानिकापासून सुमारे 150 मीटर अंतरावर आणि 60 अंशांच्या उंचीच्या आत करायच्या असतात, म्हणजे वरची हद्द जवळपास 260 मीटरवर येते, आणि 400 फूट म्हणजे जेमतेम 122 मीटर. परवानगीशिवाय संपूर्ण आकाराचा कार्यक्रम उडवता येत नाही. कसरती लहान करून सराव करायचा, नाहीतर रीतसर परवानगी असलेल्या मैदानावर जायचे. हिरवे क्षेत्र कुठे आहे हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर निघण्यापूर्वी पाहणे ही मी सवयच लावून घेतली आहे.

कल्याण-बदलापूरच्या पुढे भातकापणी झाल्यावर मोकळी जमीन मिळते, पण खाचरांचे बांध आणि धसकटे चाकांवरच्या नाजूक टोप्यांना सोडत नाहीत. माझ्या दोन्ही टोप्या डिसेंबर संपण्यापूर्वी तडकल्या. कार्बनचे पाय शाबूत आहेत, पण ते ज्या प्लायवुडच्या फळीवर बसतात तिचा जोड एकदा आदळल्यावर आतून सुटला. हीच या किटमधील खरी कमजोर जागा होती. फळीच्या कडेने कार्बनचे सुटे तंतू इपॉक्सीत भिजवून धडाच्या आतल्या भिंतीवर पसरवल्यानंतर ती तक्रार पुन्हा आली नाही. नवे घेणाऱ्याने हे काम उडवण्यापूर्वीच करावे. तेव्हा आत हात जायला जागा असते.

उन्हाचे भय पावसापेक्षा जास्त आहे. खोलीच्या तापमानाला पक्के झालेले साधे इपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किंवा गडद रंगाच्या पंखावर तेवढे तापमान सहज होते. किटसोबत रंगसंगतीचे अनेक पर्याय होते. मी वरून पांढरा आणि फक्त खालून गडद निळा घेतला. पंख चंदेरी पिशवीतून बाहेर काढायचे ते उड्डाणाच्या आधी, आणि उतरल्यावर लगेच आत.

दुरुस्ती ही या विमानाची महाग बाजू. बाल्साचा तुकडा कापून बसवला, फिल्म इस्त्रीने चिकटवली की काम झाले. येथे चेपलेला फोम काढा, भोवतीची कातडी अंगठ्याच्या रुंदीइतकी उतरती घासा, नवा फोम आणि कापडाचे थर द्या आणि शेवटी रंग जुळवत बसा. रंग साच्यात फवारलेला असल्यामुळे बाजारातल्या कोणत्याही डब्याशी तो तंतोतंत जुळत नाही. म्हणून किट मागवतानाच त्याच रंगाच्या चाकांच्या टोप्या, कॅनॉपीची (धडावरच्या झाकणाची) कडी आणि एक सुटा रडर सोबत मागवावा, कारण नंतर एवढ्या लांब डब्यात एकटा रडर मागवला तर त्याच्या किमतीपेक्षा पाठवणीचा खर्च जास्त होतो.